वायफायचा डबा दाराशी कशाला?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

‘नेट स्लो आहे’ म्हटलं की हल्ली फ्लॅटमध्ये पहिला उपाय ठरलेला: १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करून घ्यायचा. महिन्याचं बिल वाढतं, हॉलमध्ये सोफ्यावर बसून स्पीड टेस्ट केली तर आकडाही मोठा दिसतो आणि मागच्या बेडरूममधला व्हिडिओ कॉल मात्र होता तसाच अडकत राहतो. बऱ्याचदा इथे कंपनीला दोष देण्यातही अर्थ नसतो. फायबर घरात व्यवस्थित आलेली असते. पण ती दारातून आत येते आणि बसवायला आलेल्या मुलाला दहा मीटर वायर ओढत बसायचं नसतं, म्हणून वायफायचा डबा, म्हणजे राउटर, दाराशेजारीच ठोकला जातो. चपलांच्या कपाटावर, टीव्हीच्या मागे, नाहीतर मीटरच्या फळीशेजारी. म्हणजे घराच्या एका टोकाला. निम्मी रेंज जिन्यात, लिफ्टच्या डक्टमध्ये आणि समोरच्यांच्या हॉलमध्ये जाते आणि आपण आतल्या खोलीत फोन खिडकीशी धरून उभे राहतो.

प्लॅन वाढवून उपयोग का होत नाही, ते आकड्यांत बघू. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतो. लांबच्या खोलीत फोन बहुधा २.४ च्या पट्ट्यावर येतो. या पट्ट्यात नेहमीचं २० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल, फोनचे दोन अँटेना आणि वायफाय ४ ची पद्धत धरली, तर जोडणीचा कागदावरचा कमाल वेग १४४ एमबीपीएस. प्रत्यक्ष हातात त्याच्या निम्मा पडला तरी चांगलं म्हणायचं आणि तोही आजूबाजूच्या पंधरा-वीस नेटवर्कांबरोबर वाटून घ्यायचा. ३०० चा प्लॅन त्यातून बाहेर येणार कसा? टाकी मोठी आणली, तोटी तीच राहिली.

तेव्हा खरेदीला निघण्याआधी दोष कुठे आहे ते नक्की करावं. लॅपटॉप लॅन केबलने थेट डब्याला जोडून स्पीड टेस्ट करा. प्लॅनचा वेग मिळाला तर बाहेरची बाजू ठीक आहे. वेग ९४-९५ वर येऊन ठोकल्यासारखा थांबत असेल तर एकतर डब्याचा पोर्टच १०० एमबीपीएसचा आहे, नाहीतर केबलमधली एखादी तार तुटलेली आहे. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी गेली की जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते आणि बऱ्याच डब्यांवर कुठलाही दिवा तसं सांगत नाही.

लॅपटॉप नसेल तर फोनवर पिंगचं एखादं फुकट अ‍ॅप घ्या आणि ज्या खोलीत त्रास आहे तिथून राउटरच्याच पत्त्याला पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघा. १९२.१६८.१.१ किंवा तत्सम पत्ता डब्याखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. उत्तर सलग ५ ते १० मिलिसेकंदांत येत असेल तर घरातलं वायफाय निर्दोष आहे, तक्रार कंपनीकडे करा. तेच उत्तर मध्येच १५०, मध्येच ३०० आणि मध्येच गायब होत असेल, तर बाहेर काहीही बिघडलेलं नाही, तुमच्या भिंतींमध्ये बिघडलंय. कंपनीच्या माणसाशी वाद घालण्यापूर्वी एवढी एक चाचणी केली तरी दोघांचाही वेळ वाचेल.

मग रेंज मोजायची. फोनवरचे पंखे, म्हणजे ते तीन-चार पट्टे, फारसं काही सांगत नाहीत. डीबीएम या रेंजच्या मापातला आकडा बघा. अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारची अ‍ॅप्स तो दाखवतात. आयफोनवर अ‍ॅपलच्या एअरपोर्ट युटिलिटीमध्ये स्कॅनर असतो, तो आधी फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावा लागतो. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम, उणे ६० चांगला, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ ला अडखळतो आणि उणे ८० च्या पुढे नुसतं ‘कनेक्टेड’ एवढंच दिसतं. हे मोजमाप सरळ पट्टीचं नाही: ३ डीबी गेले की ताकद निम्मी, १० गेले की एक दशांश. घराचा कागदावर ओबडधोबड नकाशा काढा, प्रत्येक खोलीत दोन-तीन ठिकाणी उभं राहून दहा सेकंद थांबून आकडा लिहा. फोन दोन्ही पंजांत लपेटून धरू नका, हाताने काही डीबी सहज जातात. दार उघडं आणि दार बंद, असं दोनदा मोजलं तर आणखी एक गोष्ट कळते. दार लावल्यावर आकडा फार पडला तर रेंज पॅसेजमधून वळून येतेय. जवळजवळ तसाच राहिला तर ती भिंतीतून येतेय.

आता भिंती. आपल्याकडच्या घरांबद्दल लिहायचं तर हा मुद्दा सगळ्यात मोठा, कारण परदेशी माहितीपत्रकांत लाकूड आणि प्लास्टरबोर्डची घरं गृहीत धरून ‘२,००० चौरस फुटांपर्यंत रेंज’ लिहिलेलं असतं. आपली भिंत विटेची, नाहीतर काँक्रीटची. साडेचार इंची विटेची भिंत ५ गिगाहर्ट्झच्या लहरींचे साधारण ८ डीबी खाते, २.४ चे त्याहून थोडे कमी. लाकडी फ्लश डोअर ३ च्या आसपास. गेल्या काही वर्षांतल्या टॉवरमध्ये मिव्हान पद्धतीने, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून, आतल्या बऱ्याच भिंतीसुद्धा सळईसह काँक्रीटमध्येच ओततात. सहा इंचाच्या आसपासची तशी एक भिंत ५ गिगाहर्ट्झवर २० ते ३० डीबी गिळते. हे आकडे भिंतीच्या मालानुसार आणि ओलाव्यानुसार मागेपुढे होतात, पण हिशेब मांडायला पुरे.

तो मांडून बघू. राउटरपासून १ मीटरवर ५ गिगाहर्ट्झची रेंज साधारण उणे २५ ते उणे ३०. अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात, म्हणजे ८ मीटरवर आणखी १८. आपण आलो उणे ४५ वर. मधे विटेच्या दोन भिंती आल्या की उणे ६१, अजून काम चालेल. त्याच जागी मिव्हानच्या दोन भिंती असतील तर उणे ८५ आणि खेळ खलास. जुन्या घरात चालणारा तोच राउटर नव्या टॉवरमधल्या त्याच मापाच्या टू बीएचकेत का पडतो, याचं उत्तर एवढंच आहे. राउटर खराब झालेला नसतो.

भिंत सरळ ओलांडली जाते की तिरपी, यानेही फरक पडतो. डबा हॉलच्या कोपऱ्यात आणि बेडरूम तिरकस समोर असेल तर लहर भिंतीतून आडवी जाते आणि सहा इंची भिंत तिला दहा-बारा इंचांची पडते. डबा त्याच भिंतीलगत चार-पाच फूट सरकवला की वाट सरळ होते आणि फुकटात ८-१० डीबी मिळून जातात. नकाशावर डब्यापासून खोलीच्या मध्यापर्यंत पट्टी ठेवून रेघ मारली की ही गोष्ट लगेच डोळ्यांत भरते.

रेघेच्या वाटेत काय काय येतं तेही बघा. संडास-बाथरूम हा सगळ्यात वाईट अडथळा: दोन्ही बाजूंना टाइल्स, आत पाइप, गिझर आणि भिंतीत मुरलेलं पाणी. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा यांच्यामागे धातूची सावली पडते. माशांच्या टाकीमागे पाण्याची. खिडकीला स्टीलची बारीक डासजाळी लावून बाल्कनीत लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांची तक्रार खरी असते, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर आणि जाळीची भोकं मिलिमीटरभराची. लहरीच्या लेखी ती जाळी पत्राच. आणखी एक चोर गिलाव्याखाली लपलेला असतो. कॉलम आणि विटांच्या सांध्यावर भेगा पडू नयेत म्हणून गवंडी चिकन मेश ठोकतात. कॉलमच्या कडेचा फूट-दीड फूट भाग या जाळीमुळे बाकीच्या भिंतीपेक्षा जास्त रेंज अडवतो, तेव्हा डबा कॉलमला चिकटून लावू नये.

तर पहिलं काम, आणि बहुतेक घरांत शेवटचंही, डबा हलवणं. तो घराच्या मधोमध, म्हणजे बहुधा हॉल आणि पॅसेज मिळतात तिथे, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, उघड्यावर हवा. टीव्ही युनिटच्या मागे नको, फ्रिजवर नको, लॉफ्टमध्ये सामानाआड नको. नव्या इमारतींमध्ये दाराशेजारी बिल्डर एक पत्र्याची पेटी देतो, सगळ्या लो व्होल्टेज वायरी त्यात येतात आणि राउटरही त्यातच बसवून दार लावून टाकतात. पत्र्याच्या पेटीत रेडिओ कोंडायचा आणि बाहेर रेंज शोधायची! पेटीत फायबर येऊ द्या, वायफाय बाहेर काढा.

डबा हलवायला फायबरची लांब पॅच कॉर्ड लागते. १०, १५, २० मीटरची तयार मिळते. दोन्ही टोकांना बहुधा हिरव्या रंगाचे एससी-एपीसी कनेक्टर लागतात, तरी आधी डब्याच्या भोकाचा रंग बघून घ्या. निळा कनेक्टर दिसायला सारखा आणि बसतोही, पण त्याच्या काचेचं तोंड सरळ घासलेलं असतं आणि हिरव्याचं ८ अंशांत तिरपं. दोन्ही एकमेकांना लावले की मधे फट राहते आणि प्रकाश मागे परततो. फायबर कोपऱ्यात काटकोनात दुमडू नका, निदान लिंबाच्या गोलाईएवढं वळण ठेवा. खिळ्याच्या क्लिपने तिला चेपू नका. डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला, म्हणजे प्रकाश पोचत नसला, तर बहुधा कुठेतरी घडी पडलेली असते किंवा टोकाला धूळ असते. उघडं टोक डोळ्यासमोर धरून ‘उजेड दिसतोय का’ बघू नये. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला चांगलाही नाही. काम कंपनीच्या माणसाकडून करून घेतलंत तर जाताना फायबरमधला प्रकाश मोजणाऱ्या पॉवर मीटरचा आकडा विचारा: उणे १५ ते उणे २५ मध्ये असेल तर निश्चिंत राहा, उणे २७ च्या आसपास असेल तर नेट कधीही तुटायला लागेल.

बाहेर आलेल्या अँटेनांबद्दल गैरसमज फार. त्या बोटासारख्या खोलीच्या दिशेने रोखायच्या नसतात. दांडीच्या टोकातून जवळजवळ काहीच निघत नाही, रेंज दांडीभोवती मेदूवड्यासारखी पसरते. दांडी उभी, तर वडा आडवा, म्हणजे आपल्या मजल्यावर सगळीकडे. डुप्लेक्स असेल तर एक दांडी आडवी करा, वरच्या मजल्याला मिळेल. चार अँटेना चार दिशांना वाकवलेला राउटर सुंदर दिसतो, बाकी काही नाही. ‘हाय पॉवर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या राउटरबद्दलही तेच. संभाषण दुतर्फी असतं. राउटर मोठ्याने बोलला तरी फोनचा आवाज लहानच, तो परत पोचला नाही तर पट्टे पूर्ण आणि पान उघडत नाही, अशी गंमत होते.

सेटिंग्ज अर्ध्या तासाचं काम आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून आणि ५ चा मोठा भाग २०१८ पासून विनापरवाना वापरता येतो. म्हणजे तो सगळ्यांचा आहे, शेजाऱ्यांचाही. २.४ मध्ये १३ चॅनेल दिसतात, पण ती एकमेकांवर चढलेली असतात. न चढणारी तीनच: १, ६ आणि ११. त्यातलं कमी गर्दीचं निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली की वेग दुप्पट होईल असं वाटतं, प्रत्यक्षात दोघांच्या गर्दीत सापडतो. ३ किंवा ४ वर ‘रिकामी जागा’ शोधणाराही १ आणि ६ दोघांचा त्रास ओढवून घेतो. चॅनेल १२-१३ वर टाकलं तर अमेरिकेहून आणलेला फोन अनेकदा ते नेटवर्क पाहतच नाही. मुलगा सुट्टीत आला आणि त्याच्याच फोनला वायफाय दिसेना, याचं कारण हे असू शकतं. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधलं चॅनेल घ्या, रुंदी ८०. मधली ५२ ते १४४ ही चॅनेल रिकामी असतात खरी, पण तिथे रडारची चाहूल लागली की राउटरला जागा सोडावी लागते आणि मिनिटभर नेट जातं. ‘ऑटो’वर ठेवलेले बरेच राउटर सुरू होतानाच काय ते चॅनेल निवडतात. वीज जाऊन आली की अख्खी इमारत एकदम सुरू होते आणि सगळे एकमेकांच्या पायावर पाय देऊन बसतात. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांऐवजी कुणी एका मजल्यावर १, ६, ११ वाटून घ्यायचा प्रस्ताव टाकला तर सगळ्यांचंच भलं होईल.

सुरक्षेत डब्ल्यूपीए २ (एईएस) किंवा डब्ल्यूपीए ३ ठेवा. जुन्या राउटरवर टीकेआयपी ही जुनी पद्धत निवडलेली राहिली तर वेग ५४ एमबीपीएसच्या जोडणीवर अडकतो, हे अनेकांना माहीत नसतं. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव द्यावं की वेगळं? फोन-लॅपटॉपसाठी एकच बरं. पण वायफायचे बल्ब, प्लग, कॅमेरे फक्त २.४ समजतात आणि जोडताना अडतात, तेवढ्यापुरता ५ चा पट्टा बंद करायचा आणि काम झालं की चालू करायचा. मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ वर खळखळ होते, तिकडे दोन मिनिटं दुर्लक्ष करावं.

एवढं करूनही एखादी खोली उणे ७० च्या खाली राहिली, तरच पैसे काढा. बाजारात सगळ्यात जास्त खपतो तो प्लगमध्ये खोचायचा रिपीटर, आणि सगळ्यात जास्त चुकीच्या जागी लागतो तोही तोच. रेंज नाही त्या खोलीत तो लावतात. त्याला तिथे रेंज नसेल तर तो पुढे काय पाठवणार? फोनवर पट्टे पूर्ण दिसतात, नेट कासवाचंच. रिपीटर लावायचा अर्ध्या वाटेवर, जिथे मूळ राउटरचा आकडा उणे ६० ते ६५ असेल. शिवाय तो एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूबपुरता चालेल. मेश, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या डब्यांचा संच, हा त्याचाच शहाणा भाऊ. एक नाव, फोन एका डब्याकडून दुसऱ्याकडे सहज जातो, फोनला डबा बदलायला मदत करणाऱ्या के, व्ही आणि आर या सोयी असतील तर अधिकच सहज. पण दोन मेश डबे बिनतारी बोलत असतील तर मधली भिंत त्यांनाही लागतेच. मिव्हानच्या घरात एक डबा हॉलमध्ये आणि दुसरा बंद बेडरूममध्ये ठेवून ‘महागडा मेश घेतला तरी तेच’ म्हणण्यात अर्थ नाही. टू बीएचकेला दोन डबे पुरेत. तिसरा लावला की ते एकमेकांनाच ओरडून गप्प करतात. आणि कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करायला विसरू नका, नाहीतर फोन त्यालाच चिकटून बसतो. आयफोन दुसरा डबा शोधायला लागतो तोच मुळी उणे ७० वर गेल्यावर. विजेच्या वायरीतून नेट नेणारे अ‍ॅडॉप्टरही मिळतात. दोन्ही प्लग एकाच फेजवर असतील आणि मधे स्पाइक गार्ड किंवा इन्व्हर्टर नसेल तर चालतात, नाहीतर नाही. आपल्या घरांच्या वायरिंगवर भरवसा ठेवून ते विकत घ्यावेत असं मी कुणाला सांगणार नाही.

खात्रीचा उपाय एकच, आणि तो जुनाच आहे: तार. आतल्या खोलीपर्यंत एक कॅट ६ प्रतीची लॅन केबल न्यायची आणि तिथे दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय पसरवायला, लावायचा. कपाटात पडलेला जुना ड्युअल बँड राउटरही चालतो. पद्धत अशी. जुना राउटर रीसेट करा, लॅपटॉपला जोडा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (मुख्य डबा १९२.१६८.१.१ वर आहे असं धरून), डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायची सोय) बंद करा, वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य डब्यासारखाच ठेवा, चॅनेल मात्र वेगळं: तिकडे १ असेल तर इकडे ६ किंवा ११. मग केबल मुख्य डब्याच्या लॅन पोर्टमधून या राउटरच्या लॅन पोर्टमध्येच लावा, वॅनचं, म्हणजे बाहेरून नेट घ्यायचं, भोक रिकामं सोडा. केबल वॅनमध्ये लावली तर घरात दोन वेगळी नेटवर्क होतात: नेट चालतं, पण बेडरूममधल्या फोनला हॉलमधला प्रिंटर आणि टीव्ही सापडत नाही. डीएचसीपी चालू राहिलं तर त्याहून वाईट, दोन कारकून एकाच रजिस्टरमधून पत्ते वाटायला लागतात आणि कधी चालतं, कधी नाही, असा न सापडणारा बिघाड मागे लागतो. नव्या राउटरमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असं बटण असेल तर हे सगळं ते एका टिचकीत करतं. मेशचे डबे असतील तर तेही याच केबलने एकमेकांना जोडा, निम्म्या वेगाची कटकट संपते.

केबल न्यायची कुठून? भिंती फोडायचा विषयच नको. मिव्हानच्या इमारतीत तर त्याला हातही लावू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. हॉल आणि मास्टर बेडरूममध्ये टीव्हीचा किंवा टेलिफोनचा पॉइंट असतो, त्यामागे भिंतीतून पाइप गेलेला असतो. डिश बंद केली असेल तर ती जुनी कोअॅक्स केबल हीच तुमची ओढदोरी. तिच्या एका टोकाला कॅट ६ आणि एक नायलॉनची दोरी इन्सुलेशन टेपने निमुळती गुंडाळून बांधा, एक जण या टोकाला ढकलतोय, दुसरा त्या टोकाला ओढतोय, असं हळूहळू आणा. अडलं तर थोडी टाल्कम पावडर. दहा-अकरा किलोपेक्षा जास्त ताण देऊ नका, आतले पीळ उलगडले की केबल दिसायला धड आणि कामाला अर्धी होते. विजेच्या २३० व्होल्टच्या वायरी असलेल्या पाइपात ही केबल कधीही घालायची नाही. पाइप नसेल किंवा गिलाव्याने बुजला असेल तर छताच्या कडेने केसिंग पट्टी मारा, रंग दिला की महिनाभरात दिसेनाशी होते. जॅक केबल ओढून झाल्यावरच मारायचे.

केबल घेताना ‘शुद्ध तांबं, कॅट ६’ असं स्पष्ट मागा. दुकानात स्वस्त मिळते ती अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, तिच्या वेष्टनावर सीसीए असं कुठेतरी बारीक छापलेलं असतं, कधी तेही नसतं. तार ब्लेडने खरवडा: आत पांढरी निघाली तर परत करा. ती दोनदा वाकवली की तुटते, आणि केबलमधूनच वीज घेणारा छतावरचा अ‍ॅक्सेस पॉइंट लावायचा असेल तर तिच्यावर चालवूच नये. जॅकमधला तारांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्लिप खाली धरून डावीकडून. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे हिरव्याची जोडी शेजारी-शेजारी ठेवणं. आठही दिवे ओळीने लागतात म्हणून साधा टेस्टर ‘ओके’ म्हणतो, पण जोडीचे पीळ फुटलेले असतात आणि लांब केबलवर वेग कोसळतो. बाहेरचं निळं किंवा करडं वेष्टन जॅकच्या आत चेपलं गेलं पाहिजे, नाहीतर दोन महिन्यांत तारा सुटतात.

वीज जाण्याचाही विचार करावा. मुख्य डब्याला छोटा डीसी यूपीएस लावणारे दुसऱ्या खोलीतला अ‍ॅक्सेस पॉइंट विसरतात, मग अंधारात नेट फक्त हॉलमध्ये. घेताना अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक डबे १२ व्होल्टचे, काही जुने राउटर ९ चे. ९ च्या राउटरला १२ दिले तर तो यूपीएस शेवटचाच बॅकअप ठरायचा.

हे सगळं लिहिण्याचं कारण घर घेणारे आणि फर्निचर करून घेणारे वाचक. दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीबद्दल तारे देऊन मानांकन करण्याचे नियम काढले. ते ऐच्छिक आहेत, पण घर बघायला गेल्यावर ‘राउटर कुठे बसणार आणि तिथपर्यंत पाइप आहे का’ हा प्रश्न विचारायला नियमाची गरज नाही. ओटा कुठल्या रंगाचा यावर तीन बैठका होतात, तर हा एक प्रश्न मावेल. विटेचं घर असेल तर पीओपी आणि रंगाच्या आधी इलेक्ट्रिशियनला एवढं सांगा: दारापासून पॅसेजच्या छताच्या मध्यापर्यंत २५ मिलिमीटरचा स्वतंत्र पाइप, तिथून प्रत्येक बेडरूमला एकेक, विजेच्या पाइपपासून निदान फूटभर लांब, काटकोनी एल्बोऐवजी मोठ्या वळणाचे बेंड, आणि मधल्या जागी एक १५ अँपिअरचा नको, साधा ६ अँपिअरचा सॉकेट. प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकांना गाठ मारायला लावा आणि कामगार जाण्याआधी एकेक दोरी स्वतः ओढून बघा. जी हलत नाही तिथे गिलावा आत गेलाय, आणि तो त्या दिवशी निघतो, नंतर निघत नाही.

आपला,
घरगुती नेटवर्क जोडणीची कामं करणारा एक वाचक,
कोथरूड, पुणे